पर्यावरणाच्या गावपातळीवरच्या कामासाठी छोटं अनुदान: अर्जापासून हिशेबापर्यंत

नदीत मळी सोडणारा कारखाना, डोंगर पोखरणारी खडीची खाण, देवराईतून आखलेला रस्ता, शहराचा कचरा येऊन पडणारी गावाची वेस. अशा प्रश्नांवर झगडणारे गट बहुतेक ठिकाणी आठ-दहा माणसांचे असतात. त्यांना कोटींची गरज नसते. पाण्याचे नमुने तपासायला, माहिती अधिकाराच्या प्रती घ्यायला, तीनशे पानी अहवालाचा सारांश मराठीत करून वाटायला पन्नास हजार ते दोन लाख रुपये पुरतात. पण ते वेळेवर मिळायला हवेत, आणि असे मिळायला हवेत की पुढे त्यांच्यावरूनच गट अडचणीत येणार नाही.

म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी एका कागदावर वर्षभराच्या खर्चाचे दोन भाग करा. मोर्चा, धरणं, उपोषणाचा मांडव, निवेदन द्यायला जाणाऱ्या गाड्या हा झाला लढ्याचा खर्च. नमुने, प्रती, नकाशे, भाषांतर, वनस्पती-पक्ष्यांची नोंद, प्रशिक्षण, छपाई हा झाला पुराव्याचा खर्च. लढ्याचा खर्च गावाच्या वर्गणीतून करायचा, पुराव्यासाठी अनुदान मागायचं. ही रेघ पाळली तर पुढची निम्मी भांडणं टळतात. बहुतेक देणगीदारांच्या अटींत आंदोलनाचा खर्च बसत नाही, आणि तो 'जनजागृती' या नावाखाली घुसवला तर ऑडिटला सापडतो. दुसरं, समोरची बाजू पहिला प्रश्न विचारते तो ‘यांना पैसे कोण पुरवतं?’ हाच. तेव्हा दहा-वीस रुपयांच्या वर्गणीची पावतीपुस्तकं टेबलावर ठेवता आली पाहिजेत. शिवाय अनुदानाला शेवटची तारीख असते, नदीच्या प्रश्नाला नसते. मांडवाचं भाडं अनुदानातून द्यायची सवय लागली की अनुदान संपलं त्या महिन्यात मांडवही उठतो.

किती मागायचं

'छोटं' या शब्दाचा अर्थ देणगीदारागणिक बदलतो. १९९२ पासून यूएनडीपीमार्फत (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) चालणाऱ्या जीईएफच्या (जागतिक पर्यावरण निधी) स्मॉल ग्रँट्स प्रोग्रॅममध्ये कमाल मर्यादा बरीच वर्षं ५० हजार डॉलर होती, म्हणजे आजच्या हिशेबाने चाळीस लाखांच्या वर. वर्षाला साठ हजार रुपये खर्च करणाऱ्या गटाने तिथे अर्ज करणं म्हणजे पगारी हिशेबनीस, तिमाही अहवाल आणि बाहेरचं मूल्यमापन गळ्यात बांधून घेणं. आमचं मत असं की पहिलं अनुदान गटाच्या गेल्या वर्षीच्या खर्चाच्या दुपटीपेक्षा जास्त नसावं. साठ हजार खर्च करत असाल तर एक लाख मागा. तो नीट खर्च झाला, हिशेब वेळेत गेला की दुसऱ्या वेळी तीन लाख मागताना तोच देणगीदार तुमची शिफारस करतो.

पैसे कोणाच्या खात्यात येणार

बहुतेक गटांची गाडी इथेच अडते. नोंदणी नसलेल्या गटासमोर तीन वाटा असतात.

पहिली वाट स्वतःची संस्था नोंदवण्याची. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि त्याच संस्थेची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही करावी लागते. म्हणून अशा संस्थेला 'एफ' क्रमांक मिळतो, नुसत्या विश्वस्त संस्थेला 'ई' क्रमांक. घटना लिहिताना उद्देशांत पर्यावरण, नदी, जंगल, जैवविविधता आणि कायदेविषयक साक्षरता हे शब्द स्पष्ट घाला. 'सामाजिक, शैक्षणिक व सांस्कृतिक कार्य' एवढ्यावर भागवलेल्या संस्थेला पुढे देणगीदार विचारतो की नदीचं काम तुमच्या उद्देशात कुठे बसतं. नोंदणीनंतर आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याला करसवलत) नोंदणी करून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले, पण देणगीदार अजून याच नावांनी कागद मागतात.

दुसरी वाट यजमान संस्थेची. ओळखीच्या, नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे येतात आणि काम तुम्ही करता. यात तोंडी विश्वासावर अजिबात राहू नका. संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव आणि दोन पानांचा करार हवाच. करारात चार गोष्टी असाव्यात: या अनुदानाचं वेगळं खातं किंवा निदान वेगळी खतावणी, मागणी केल्यापासून किती दिवसांत पैसे सुटणार, संस्था व्यवस्थापनाचे किती टक्के घेणार, आणि माहिती व छायाचित्रं कोणाच्या मालकीची. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पण यजमान संस्थेने उद्या त्याच कारखान्याशी वृक्षारोपणाचा करार केला, तर तुमचे नमुन्यांचे निकाल कोणाच्या कपाटात आहेत हे महत्त्वाचं ठरतं.

यजमान निवडताना तिचा 'शेड्यूल वन'चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, उतारा मागा. त्यावरची विश्वस्तांची नावं आणि आज प्रत्यक्ष काम पाहणारी माणसं वेगळी असतील तर बदल अर्ज प्रलंबित आहे असं समजा. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत हा अर्ज, सगळे ज्याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात तो, धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. अनेक जुन्या संस्थांचे असे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात. मग बँक नव्या सह्या घेत नाही आणि मंजूर झालेलं अनुदान परत जातं.

तिसऱ्या वाटेकडे लोक कमी पाहतात, पण जंगलपट्ट्यात ती सर्वांत सरळ आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा स्वतःचं बँक खातं आणि पॅन घेऊन व्यवहार करू शकते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा-लेखानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याचे व्यवहार असेच सांभाळले आहेत. तसंच जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. देवराईची किंवा तळ्याची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत घालायची असेल तर समितीचा ठराव जोडलेला प्रस्ताव खूप भक्कम होतो, पैसे दुसऱ्या कोणाच्या खात्यात येणार असले तरीही.

परदेशातला पैसा

याबाबतीत 'बघू नंतर' चालत नाही. परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने उद्देशांवर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तीन बदल केले, आणि ते छोट्या गटांना थेट लागतात: असा पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर करता येत नाही, आणि मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करता येत नाही. पूर्वी मोठ्या संस्था परदेशी निधी घेऊन पुढे गावगटांना छोटी अनुदानं देत. ती पद्धत तिथे संपली. आता एखादी मोठी संस्था ‘आमच्या एफसीआरएतून तुम्हाला देतो’ म्हणाली तर नम्रपणे नाही म्हणा. ती संस्था स्वतः तुमच्या भागात खर्च करू शकते, प्रयोगशाळेचं बिल थेट भरू शकते. तुमच्या खात्यात पैसे टाकू शकत नाही.

त्यामुळे जगभरच्या देणगीदारांच्या याद्यांतली ग्लोबल ग्रीनग्रँट्स फंडासारखी नावं वाचून हुरळून जाण्याआधी आपला गट त्या दारातून आत जाऊ शकतो का ते पाहा. जुन्या याद्यांची वेगळी अडचण असते. पश्चिम घाटासाठी सीईपीएफ या आंतरराष्ट्रीय देणगीदाराचा निधी २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये संपला, तरी त्याचं नाव अजून कुठे कुठे फिरतं.

एक बारकावा मात्र उपयोगी आहे. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणारा गावचा माणूस अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पावतीसोबत त्याच्या भारतीय पासपोर्टची प्रत ठेवा. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही तो परदेशी स्रोत ठरतो. १९७८ पासून अमेरिकेत काम करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या मराठी माणसांच्या संस्थेलाही हाच नियम लागू आहे. पैसा आपल्या माणसांचा असला तरी कायद्याने तो परदेशीच असतो.

आंदोलन करणाऱ्या संस्थेला परदेशी निधी मिळूच शकत नाही, असा एक समज आहे. बंद, रास्ता रोको यांचा मार्ग वापरणाऱ्या संस्थांना 'राजकीय स्वरूपाच्या' ठरवणारा नियम होता. ६ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ मर्यादित केला: सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेला केवळ अशा मार्गांनी लोकांच्या प्रश्नाला पाठिंबा दिला म्हणून अडवता येत नाही. हा निकाल संस्थेच्या फाइलमध्ये असू द्या.

देशातला पैसा

पहिल्या अनुदानासाठी हीच वाट बरी. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी अनुसूची सातनुसार पर्यावरणावर खर्च करता येतो. मात्र १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी संस्थेला सीएसआर-१ क्रमांक लागतो, आणि कंपन्यांना वादाचं काम नको असतं. तळ्याचा गाळ, रोपवाटिका, शाळांमधली पाणीतपासणी यांना तो मिळतो. प्रदूषणाच्या पुराव्याला क्वचित. ज्या खोऱ्यातल्या प्रदूषणावर तुम्ही बोलता त्याच खोऱ्यातल्या उद्योगाचा पैसा कितीही अडचण असली तरी घेऊ नका. एका धनादेशाने दहा वर्षांची विश्वासार्हता जाते.

त्याहून जवळचे मार्ग: पितृपंधरवड्यात पुण्यात भरणारं ‘देणे समाजाचे’सारखं प्रदर्शन, गणेशोत्सवात वृत्तपत्रांतून होणारं संस्थांना मदतीचं आवाहन, रोटरीचे स्थानिक क्लब, शहरात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांची मंडळं. इथे प्रस्ताव लहान लागतो, पण ८०जी पावती वेळेत द्यावी लागते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. नाव न देता कोणी मोठी रक्कम देत असेल तर घेऊ नका. कराचा प्रश्न आहेच, शिवाय उद्या तो पैसा कोणाचा निघेल सांगता येत नाही.

प्रस्ताव

छोट्या अनुदानाचा प्रस्ताव तीन पानांत बसला पाहिजे. वाचणाऱ्याच्या पुढ्यात शंभर अर्ज असतात आणि त्यातल्या ऐंशींची सुरुवात अशी असते: "आमच्या परिसरातील नदी मोठ्या प्रमाणावर प्रदूषित झाली असून जनजागृतीची नितांत गरज आहे." हे वाक्य कोणत्याही नदीला लागू होतं, म्हणून ते कोणाच्याच उपयोगाचं नाही. तेच असं लिहा:

"गावाच्या जॅकवेलच्या (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीच्या) वर सव्वा किलोमीटरवर डाव्या काठाने एक नाला नदीला मिळतो. गळीत हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, नाल्याचं पाणी काळपट होतं. गेल्या दोन हंगामांत चार वेळा मासे मेले. तारखा आणि छायाचित्रं जोडली आहेत. नाल्यात नेमकं काय येतं याचा एकही प्रयोगशाळा-अहवाल गावाकडे नाही. या अनुदानातून तीन फेऱ्यांत पाच जागांचे नमुने तपासून तो अहवाल ग्रामसभेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मांडायचा आहे."

यात जागा आहे, काळ आहे, काय माहीत आहे आणि काय माहीत नाही ते आहे. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मेल्याच्या बातम्या वारंवार येतात. अशा ठिकाणी बातम्यांची कात्रणं भरपूर असतात, पण तारखेवार, जागेवार नोंद नसते. ती नोंद हेच तुमचं भांडवल आहे. अर्ज करण्याआधीचे सहा महिने साध्या वहीत तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे आणि पाहणाऱ्याची सही एवढं लिहीत राहा.

उद्दिष्ट एकच ठेवा आणि ते मोजता येईल असं ठेवा. ‘नदी स्वच्छ करणे’ हे एक लाखात चार महिन्यांत होणारं काम नव्हे. देणगीदार फोनवर हमखास दोन गोष्टी विचारतो: याला विरोध कोण करेल, आणि निकाल स्वच्छ आला तर काय कराल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘तोही तसाच जाहीर करू’ हेच असायला हवं, आणि तसं वागायलाही हवं.

बजेट

मर्यादा एक लाखाची असेल तर नमुनादाखल अंदाजपत्रक असं दिसेल. दर तुमच्या जिल्ह्यात वेगळे पडतील, म्हणून प्रयोगशाळेचं आणि छापखान्याचं लेखी दरपत्रक जोडा.

प्रयोगशाळा: ५ जागा + १ दुबार नमुना = ६; ३ फेऱ्या; १८ नमुने × ₹२,२०० = ₹३९,६००
बर्फपेटी, बाटल्या, हातमोजे, लेबलं: ₹२,४००
जागेवर पीएच व विरघळलेला प्राणवायू मोजायचा संच: ₹५,०००
गाडी: ३ फेऱ्या × ₹३,००० = ₹९,०००
नमुने घेणाऱ्यांचं मानधन: ३ जण × ३ फेऱ्या × ₹५०० = ₹४,५००
माहिती अधिकार: १२ अर्ज × ₹१०, ८०० पानं × ₹२, ४ अपिलं × ₹२०, टपाल २० × ₹६० = ₹३,०००
गावसभा: २ × ६० माणसं × ₹५० चहा-नाश्ता = ₹६,०००
मराठी पुस्तिका: ३०० प्रती × ₹२५ = ₹७,५००
समन्वयकाचं मानधन: ४ महिने × ₹३,००० = ₹१२,०००
सीएचं प्रमाणपत्र: ₹४,०००
यजमान संस्थेचा व्यवस्थापन खर्च: ₹७,०००
एकूण: ₹१,००,०००

समन्वयकाची ओळ गट हमखास गाळतात. फुकट काम करण्याची लाज वाटू नये तशी मानधन घेण्याचीही वाटू नये. फोन, फॉर्म, पावत्या गोळा करणं हे काम कोणीतरी करतंच, आणि ते बहुधा घरचं काम सांभाळून एखादी बाई करते. तिची मजुरी बुडवून नदीचं काम उभं राहू नये. 'इतर खर्च' आणि 'संकीर्ण' मात्र लिहू नका, पहिली कात्री तिथेच लागते. गटाचा वाटा वेगळा दाखवा: बैठकीची जागा, दुचाकी, श्रमदानाचे दिवस.

नमुना असा घ्या की कोणी खोडू नये

एवढ्या पैशांतले चाळीस हजार बाटल्यांत जातात, म्हणून इथे घाई नको. पाच जागा अशा: नाला मिळण्याच्या वर दोनशे मीटर, नाल्याचं तोंड, खाली पाचशे मीटर, खाली दोन किलोमीटर आणि गावाचं जॅकवेल. वरच्या बाजूचा नमुना नसेल तर ‘पाणी वरूनच घाण येतं’ या एका वाक्यात सगळा अहवाल रद्द होतो. तीनपैकी एक फेरी हंगाम संपल्यानंतर, पण पावसाआधी घ्या, म्हणजे तुलना राहते.

पाण्यात उभं राहून प्रवाहाकडे तोंड करा. बाटली आधी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, मग वीत-सव्वा वीत खोलीवर धरून काठोकाठ भरा. बुडबुडा राहू न देता तिथेच पाण्याखाली बूच लावा, कारण बीओडीच्या (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) बाटलीत हवा राहिली की आकडा बिघडतो. जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही आणि तिच्यात वर बोटभर जागा सोडायची. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजायचा. घरी आणून मोजला तर तो नदीचा आकडा राहत नाही. लेबलवर जागेचा क्रमांक, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव लिहा. पाण्याने न पुसणारा मार्कर वापरा. बाटल्या लगेच बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत, जिवाणूंची त्याहूनही लवकर, एनएबीएल (प्रयोगशाळांचा दर्जा तपासून मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पोचवा. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, त्यामुळे मध्ये रविवार आडवा येतो. कोणत्या वारी नमुना घेतात ते आधी फोन करून विचारा. शनिवारी दुपारी घेतलेले सहा नमुने सोमवारपर्यंत बर्फात पडून राहिले तर तेरा हजार दोनशे रुपये पाण्यात गेले.

निकाल वाचताना आंघोळीच्या पाण्याचे निकष हाताशी ठेवा: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला प्राणवायू ५ किंवा अधिक, पीएच ६.५ ते ८.५, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरला जास्तीत जास्त २,५००.

आणि या अहवालाची मर्यादा ओळखा. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार खटल्यासाठीचा कायदेशीर नमुना मंडळाचा अधिकारीच, ठरलेल्या पद्धतीने, सीलबंद करून घेतो. तुमचा नमुना त्याची जागा घेत नाही; मंडळाला किंवा हरित न्यायाधिकरणाला तपासणी लावायला भाग पाडण्यासाठी तो असतो. म्हणून फेरीच्या आठवडाभर आधी मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला लेखी कळवा, पोच घ्या. ते आले तर उत्तम. नाही आले तर ती पोच आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचा पंचनामा जोडा.

माहिती अधिकारावर पैसे घालवण्याआधी परिवेश हे पर्यावरण मंजुऱ्यांचं सरकारी पोर्टल पाहा. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पांना दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. तो तिथे नसेल तर मागा. राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द एवढीच मुभा आहे, म्हणून संमतीपत्र, तपासणी अहवाल आणि नमुन्यांचे निकाल यांचे वेगळे अर्ज करा. अंदाजपत्रकात बारा अर्ज धरले आहेत ते यामुळे.

वेळेचं गणित

अर्ज केल्यापासून पैसे खात्यात यायला तीन ते सहा महिने धरा. पर्यावरण मंजुरीआधी होणाऱ्या जनसुनावणीची जाहीर सूचना मात्र किमान ३० दिवस आधीची असते. म्हणजे सूचना आल्यावर अनुदान शोधायला निघालात तर सुनावणी होऊन जाईल. तिथे वर्गणीच कामी येते; त्यासाठी वीस-पंचवीस हजार कायम बाजूला ठेवा. पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील ३० दिवसांत, उशिराचं कारण पटवलं तर आणखी ६० दिवसांत करावं लागतं. न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खालच्या अर्जाला कारण घडल्यापासून सहा महिने, वर तसेच ६० दिवस. भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी एक हजार रुपये आहे आणि पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. खरा खर्च प्रती, प्रवास आणि वकिलाचा असतो. न्यायालयीन खर्च अटींत बसतो का हे देणगीदाराला आधीच लेखी विचारा.

हंगाम नोव्हेंबरला सुरू होणार असेल तर प्रस्ताव मे महिन्यात गेला पाहिजे. मार्चअखेर संपणारं अनुदान फेब्रुवारीत हातात पडत असेल तर मुदतवाढ आधी मागून घ्या.

नावं आणि सुरक्षितता

माहिती अधिकाराचा पाठपुरावा करणारे तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. वाळू, खाण, जमीन यांच्याशी संबंधित प्रस्तावात आणि अहवालात माहिती देणाऱ्यांची नावं, घरं, चेहरे घालू नका. देणगीदाराला छायाचित्रं हवी असतात. त्यांना पाठमोरी, नदीची, बाटल्यांची द्या. संकेतस्थळावर काय टाकायचं नाही ते करारातच लिहून घ्या. माहिती अधिकाराचे अर्ज एकाच माणसाच्या नावाने टाकू नका, तीन-चार जणांत वाटा. मूळ कागद गावात ठेवा, एक प्रत बाहेरगावी.

हिशेब

पैसे आले त्या दिवशी वही उघडा. खात्यावर दोघांच्या सह्या हव्यात आणि ते दोघे एकाच घरातले नकोत. प्रत्येक खर्चाला व्हाउचर: तारीख, कशासाठी, अंदाजपत्रकातली कोणती ओळ, घेणाऱ्याची सही. पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांवर रोख देऊ नका. तो खर्च आयकरात धरला जात नाही. चहावाल्याकडे पक्कं बिल नसतं. तिथे घेणाऱ्याच्या सहीचं व्हाउचर आणि त्या सभेचं हजेरीपत्रक एकत्र टाचा. साठ जणांचा चहा आणि हजेरीवर बावीस सह्या असं असेल तर बावीसच लावा.

एका ओळीतले पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर खर्चाआधी मेल करून परवानगी घ्या. बहुतेक देणगीदार देतात. खर्च करून नंतर कळवलं तर तेच देणगीदार पैसे परत मागतात. शिल्लक आणि खात्यावरचं व्याज हिशेबात दाखवा.

शेवटच्या अहवालात काय झालं नाही तेही लिहा: एक फेरी अवकाळी पावसामुळे चुकली, माहिती अधिकाराच्या चार अर्जांना उत्तरच आलं नाही. पुढच्या अर्जाच्या वेळी हेच पान तुमच्या बाजूने बोलतं. सोबत उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचा तक्ता आणि पुस्तिकेची प्रत पाठवा.

ही सगळी फाइल किमान दहा वर्षं सांभाळा. पेट्रोल पंपाच्या आणि दुकानाच्या थर्मल कागदावरच्या पावत्या काही महिन्यांत पांढऱ्या पडतात, म्हणून मिळाल्या त्याच आठवड्यात त्यांची झेरॉक्स काढून मूळ पावतीला टाचून ठेवा.